साडेनऊचा ललत

बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या बाईला काय काम द्यावं, हा रेडिओतल्या साहेबांपुढचा जुनाच पेच. बाहेरच्या ध्वनिमुद्रणाला पाठवावं तर घरी तान्हं मूल, स्टुडिओत बसवावं तर संध्याकाळची पाळी. मग कुणीतरी म्हणतं, संग्रहातलं काहीतरी द्या, बसल्या जागी होईल. तशी ती मालिका सूनबाईच्या गळ्यात पडली. तिला कुणी विचारलं नव्हतं. पण मुलगी आठ महिन्यांची आणि पाळणाघर ऑफिसच्याच तळमजल्यावर, म्हणून तिनेही फार ताणलं नाही.

सूनबाई हे तिचं घरातलं नाव. एकदा सासूबाईंनी ऑफिसात फोन करून "जरा सूनबाईला द्या" म्हटलं, त्या दिवसापासून शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती सूनबाई झाली.

मालिका साधी होती. गाण्या-वाजवण्यातल्या तेरा जणांच्या उत्तरांना संग्रहातलं गाणं जोडायचं, आणि प्रश्न सगळ्यांना एकच: मागे जाऊन एक मैफल ऐकता आली, तर कुठली ऐकाल? सूनबाईला वाटलं होतं तेरा जण तेरा दिशांना जातील. सुरुवात तशी झालीही. एका तबलजींना पणजोबांच्या काळातली एक मैफल ऐकायची होती, जिच्यात म्हणे पाऊण तास ठेका तसूभर हलला नव्हता. "खरंच हलला नव्हता, की कुणाला कळलं नव्हतं, एवढंच बघून येतो," असं त्यांचं म्हणणं. एका गायिकेला आपल्या खापरपणजीचं गाणं ऐकायचं होतं. ती दार लावून गायची. तर आपण दाराबाहेर उभं राहू, आत जायचा आग्रह नाही, असं ती म्हणाली. पेट्या दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, मैफल कुठलीही चालेल, फक्त तिथे खोकणारा माणूस नको.

बाकीच्यांपैकी सात जणांनी मात्र एकच उत्तर दिलं: बुवांचा साडेनऊचा ललत.

ही मैफल गाण्याच्या जगात पस्तीस वर्षं सांगितली जातेय. सकाळचा कार्यक्रम होता. बुवा तोडी गाणार, असं निमंत्रणावर छापलेलं होतं, आणि तोडीला ती वेळही बरोबर होती. लोक तोडीच्या तयारीने बसले, आणि बुवांनी सुरू केला ललत. ललत उजाडायच्या आधीचा राग. साडेनऊला, खिडक्यांतून ऊन आत आलेलं असताना तो गाणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला दात घासायला लावण्यासारखं. पहिली दोन मिनिटं जाणकार एकमेकांकडे बघत राहिले. मग, असं सांगतात, दहा-पंधरा मिनिटांत सभागृहात पहाट झाली. ऊन होतं तिथेच होतं, पण ते दिसेनासं झालं. एकाने सांगितलं की त्याने हात वर करून शालीसारखं काहीतरी अंगावर ओढून घेतलं. अंगावर शाल नव्हतीच.

आणि ही मैफल कुठेही शिल्लक नव्हती. रेडिओने मुद्रित केली होती, एकदा प्रसारित केली होती, आणि आठ महिन्यांनी तीच टेप पुसून तिच्यावर दातांच्या निगेबद्दलचं एक भाषण घेतलं होतं. तेव्हा तशीच पद्धत होती. टेपांचा तुटवडा असायचा, प्रसारित झालं की पुसायचं. भाषण अजून आहे. चांगलं आहे.

सातव्या उत्तराचं मुद्रण सूनबाईने घरी नेलं. घरी काम नेण्यात तिला काही हौस नव्हती. पण मुलीला दात येत होते, आणि रविवारी दुपारी ती मांडीवर झोपली की हात तेवढे मोकळे राहत. हे सातवं उत्तर सगळ्यांत महत्त्वाचं होतं, कारण ते धाकट्या बुवांचं होतं. धाकटे बुवा म्हणजे बुवांचे पट्टशिष्य. त्या सकाळी ते चोवीस वर्षांचे होते आणि बुवांच्या मागे तानपुरा घेऊन बसले होते. आता त्यांचेच शिष्य त्यांच्या मागे बसतात.

सासूबाई समोर बसून धुतलेल्या लंगोटांच्या घड्या घालत होत्या. धाकट्या बुवांचा आवाज खोलीत भरला. तो सांगत होता की बुवा बैठकीवर आले, त्यांनी खिडकीकडे पाहिलं, क्षणभर डोळे मिटले, आणि मागे हात करून खूण केली. "आम्ही समजलो. पंचमाची तार तिथल्या तिथे मध्यमावर उतरवली. त्या खुणेत काय होतं, ते शब्दांत सांगता यायचं नाही."

सासूबाईंनी घडी अर्धवट सोडली.

"खोटं आहे," त्या म्हणाल्या.

सूनबाईने आवाज थांबवला.

"खूण-बिण काही केली नाही. तार आधीपासूनच मध्यमाला होती. मीच लावली होती."

लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासूबाई पूर्वी गाण्याच्या शिकवणीला जायच्या, एवढं सूनबाईला ठाऊक होतं. माळ्यावर गवसणीत गुंडाळलेला एक तानपुरा आहे, हेही. पण त्या बुवांच्या मागे बसत, आणि त्या सकाळी बसल्या होत्या, हे तिला पहिल्यांदाच कळलं. नवऱ्याला विचारलं तर तोही म्हणाला, असेल, आई कधी बोलत नाही त्याबद्दल.

त्या दुपारी मात्र सासूबाई बोलल्या. लंगोटाच्या घड्या घालत, काल बाजारात काय झालं ते सांगावं, तशा.

बुवांकडे तानपुरे लावायचं काम त्यांचंच असे, कारण त्यांचा कान पक्का होता. दोन्ही तानपुरे त्याच लावत. धाकटा नुसता शेजारी बसून छेडायचा. आदल्या संध्याकाळी रियाज झाला होता तो मध्यमाच्या रागाचा, म्हणून पहिली तार मध्यमाला होती. सकाळी तोडीसाठी ती पंचमाला चढवायची. एवढंच करायचं होतं. शिकाऊ पोरालाही सांगावं लागत नाही. पण बाळ्या, म्हणजे सूनबाईचा नवरा, तेव्हा दोन वर्षांचा होता आणि तीन दिवस तापाने फणफणला होता. शेजारणीच्या कडेवर देऊन सासूबाई आल्या होत्या. मंचावर बसल्या, खुंट्या पिळल्या, मणी सरकवले, तार मिळवली. अगदी सुरेल मिळवली. मध्यमावरच.

"म्हणजे चढवायचं विसरलात?"

"विसरले नाही. माझ्या कानात पंचम होताच कुठे? माझ्या कानात त्याचं कण्हणं होतं."

बुवा येऊन बसले, गायला लागले, तेव्हा सासूबाईंना कळलं की हा तोडी नव्हे, आणि हे आपल्यामुळे. लोक बसलेत, रेडिओवाले बसलेत, आता तार पिळत बसलो तर शोभा होईल, म्हणून बुवांनी मिळाल्या सुरावर निभावून नेलं. ललतात पंचम नसतोच, सगळा जीव मध्यमावर, म्हणून ललत. ती प्रेरणा वगैरे लोकांनी मागाहून लावलेली.

"आणि कसा झाला हो, आई? लोक म्हणतात तसा?"

"मला काय माहीत? मी ऐकलाच नाही." सासूबाईंनी घड्यांचा ढीग सारखा केला. "बुवांच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसले होते. तार छेडत होते. पण त्यातलं काहीएक आठवत नाही. संपल्यावर चपला घातल्या आणि पळत घरी आले. ताप उतरला होता."

त्यानंतर बुवांनी त्यांना परत कधी बोलावलं नाही. एकदाही नाही. आधी दर आठवड्याला निरोप यायचा, तो बंद झाला. सासूबाई महिनाभर वाट बघत राहिल्या, मग सहा महिने. आपणहून जायचा धीर झाला नाही. ज्या माणसाची मैफल आपण बिघडवली, त्याच्या दारात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? तिसऱ्या वर्षी बुवा गेले. तानपुरा माळ्यावर गेला तो तेव्हा.

"सात जणांना तिथं जायचंय म्हणतेस," त्या उठता उठता म्हणाल्या. "मलाही जायचंय. गाणं ऐकायला नाही. बुवांनी मागे वळून बघितलं होतं एकदा, सुरुवातीला. मी खाली मान घालून होते. तेव्हा त्यांचा चेहरा कसा होता, तेवढं बघायचंय. रागावले होते का, तेवढं."

सूनबाईच्या मांडीवरची मुलगी जागी झाली आणि विषय तिथेच राहिला. पण सूनबाईच्या डोक्यातून तो जाईना. मालिका राहिली बाजूला. या बाईने पस्तीस वर्षं मनात एक निकाल धरून ठेवला होता, आणि तो तिने स्वतःच लिहिलेला होता. खरा निकाल सांगू शकेल असं काही या जगात उरलंय का, एवढं तिला पाहायचं होतं.

धाकट्या बुवांना फोन करून विचारता आलं असतं. पण जो माणूस माइकसमोर बेधडक खूण-बिण सांगतो, तो फोनवर काय सांगेल, याचा तिला भरवसा नव्हता.

संग्रहात कात्रीकाका होते. जन्मभर टेपा कापून जोडल्या म्हणून कात्रीकाका. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुन्या रिळांवरची अक्षरं त्यांच्याशिवाय कुणाला लागत नसल्यामुळे मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे. सूनबाईने त्यांना त्या सकाळच्या टेपबद्दल विचारलं तर ते आधी दातांच्या भाषणावरून मनमुराद हसले. ते पुसण्याच्या कागदावर सही त्यांचीच होती.

"पण पुसली ती प्रसारणाची टेप," मग ते म्हणाले. "त्याच्या आधी जे कापलं, ते कुठं पुसलंय?"

सूनबाईला कळेना. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं. बाहेरच्या कार्यक्रमाला इंजिनिअर मशीन लवकर सुरू करायचा, आवाजाची पातळी बघायला. तानपुरे लागताहेत, लोक स्थिरस्थावर होताहेत, कुणी माइकवर टिचकी मारतंय, हे सगळं टेपवर यायचं. प्रसारणाच्या आधी तो तुकडा कापायचा. पण फेकायचा नाही. कारण मैफलीत मधे काही कापावं लागलं की तिथे भोक पडतं. एकदम मुकी शांतता आली की ऐकणारा दचकतो. ते भोक त्याच सभागृहाच्या शांततेने बुजवायचं. प्रत्येक सभागृहाची शांतता वेगळी असते, काका म्हणाले, एकीचं ठिगळ दुसरीला चालत नाही. म्हणून असे कापलेले तुकडे ते एकामागे एक जोडून ठेवायचे, मधे पांढरी पट्टी आणि तिच्यावर पेन्सिलीने सभागृहाचं नाव आणि तारीख. अशी अकरा रिळं त्यांनी भरली होती. डब्यांवर लिहिलं होतं, "गप्प १", "गप्प २". नोंदवहीत त्यांची नोंद नव्हती, कारण त्यांच्यात काही नाही असंच सगळ्यांना वाटायचं.

रिळं मागच्या खोलीत, खालच्या फळीवर, तुटक्या पंख्यामागे निघाली. सूनबाई रोज एक ते दोन ती ऐकू लागली. एकला मुलगी पाळणाघरात झोपायची, दोनला उठायची. डबा खाऊन उरलेला वेळ तिचा. कानाला हेडफोन लावून ती सभागृहांची शांतता ऐकत बसे. सुरुवातीला सगळी सारखीच वाटली. तिसऱ्या दिवसापासून तिला फरक कळायला लागला: इथे वर पंखे आहेत, इथे लाकडी जमीन आहे, इथे शेजारी शाळा आहे. खोकणारे मात्र सगळीकडे होते. पेटीवाल्या म्हाताऱ्याचं काही खोटं नव्हतं. एकदा सगळंच ओढल्यासारखं, कुणी श्वास उलटा घेतल्यासारखं ऐकू यायला लागलं. ती काकांकडे धावली. रीळ शेवटाकडून गुंडाळलेलं होतं आणि तिने तसंच लावलं होतं. "मागे जायचंय म्हणालात ना," काका म्हणाले, "गेलात की."

"गप्प ७"मध्ये तारीख सापडली. पांढऱ्या पट्टीवर पेन्सिलीचं अक्षर फिकं झालं होतं, पण वाचता येत होतं. तुकडा तीन मिनिटं चाळीस सेकंदांचा.

दोन तानपुरे. एक अगदी माइकजवळ, एक लांब. जवळचा नुसता झंकारतोय, लांबचा अजून लागतोय: खुंटीची करकर, तार वर जाते, खाली येते, थांबते. मग मणी सरकतो आणि दोन्ही एकदम मिळतात. सूनबाईला गाण्यातलं बेताचंच कळायचं, पण ते मिळणं तिलाही कळलं. मग मंचावर कुणीतरी जड माणूस बसल्याचा आवाज, आणि माइकच्या अगदी जवळ कुजबुज. एक आवाज तरुण होता. दुसरा म्हाताऱ्याचा, घोगरा. बुवांच्या इतर मैफली संग्रहात होत्या, त्यामुळे हा आवाज त्यांचाच, हे सांगायला कुणी लागलं नाही.

ती ऐकत राहिली. संपलं तेव्हा दोन वाजून गेले होते, आणि पाळणाघरातून तिला बोलवायला बाई वर आली होती.

तुकड्याची नक्कल करून तिने घरी आणली आणि आधी नवऱ्याला ऐकवली. ऐकून तो म्हणाला की म्हणजे मी आजारी पडलो म्हणून ललत झाला, माझं नाव कुठं आलं नाही ते. पण पुढे तो गंभीर झाला. आईला ऐकवू नको, असं त्याचं मत पडलं. तिने एक समजूत करून घेतलीय, तिच्याशी जुळवून घेतलंय. या वयात ती उपटून दुसरी लावायची कशाला? आणि ही दुसरी काही फार गोड आहे असंही नाही.

त्यात तथ्य होतं. सूनबाईने दोन दिवस विचार केला. अंघोळ घालताना केला, खिमट भरवताना केला. मग तिला वाटलं, ऐकवायचं की नाही हे आपण दोघं या खोलीत बसून ठरवतोय, आणि ज्यांचं आहे त्या तिकडे गच्चीत कपडे वाळत घालताहेत. हे बरोबर नाही.

तिने गच्चीत जाऊन सांगितलं. सापडलंय, आई. मैफल नाही, तिच्या आधीचं. बुवा बोललेत त्यात, तुमच्याबद्दल. ऐकायचं की नाही, तुम्ही सांगा.

सासूबाईंनी हातातली चादर पिळली, झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग म्हणाल्या, "चल."

पहिल्या वेळी त्यांनी फक्त तानपुरा ऐकला, असं सूनबाईला वाटलं. डोळे मिटून, मान किंचित तिरकी करून. लांबचा तानपुरा लागत होता तेव्हा त्यांची बोटं मांडीवर हलत होती.

"जोडीतली दुसरी तार जरा चढी राहिलीय," त्या म्हणाल्या. "हां, उतरवली. मध्यम मात्र बघ कसा लागलाय. परत लाव."

दुसऱ्या वेळी त्यांनी बोलणं ऐकलं.

"बुवा, तार मध्यमाला आहे," तरुण आवाज म्हणत होता. "ताईंना सांगू का पंचम करायला?"

"काय झालंय तिला?"

"मुलगा तापलाय. तीन दिवस झोपलेली नाही."

"मग आली कशाला?"

"तुम्ही बोलावलंत म्हणून."

इथे काही वेळ नुसते तानपुरे होते. मग बुवांनी घसा साफ केला.

"राहू दे. आता टोकलं तर रडेल ती. चांगला लागलाय मध्यम, ललत गाऊ."

"आत्ता? साडेनऊ वाजलेत, बुवा."

"घड्याळ तुझ्या हातात आहे, ते तू सांभाळ. आणि हे बघ. पोर मोठं होईस्तोवर हिला बोलवायचं नाही. मी बोलावलं की ही येणार, नाही म्हणणार नाही. कळलं? पोर मोठं झालं की बघू."

"हो."

माइकवर कुणीतरी टिचकी मारली आणि तुकडा संपला.

सूनबाई सासूबाईंकडे बघत होती. तिला वाटलं होतं त्या रडतील. मनात तिने पाण्याचा पेलाही तयार ठेवला होता. पण सासूबाईंचा चेहरा हळूहळू लाल होत गेला, आणि सूनबाईच्या लक्षात आलं की हा राग आहे.

"रागावले नव्हते तर," सासूबाई म्हणाल्या.

"नव्हते."

"म्हणजे दया केली. मी हातभर अंतरावर बसलेली असताना, मला न विचारता." त्या उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या, बसल्या. "अगं, एकदा चुकली तार. परत नसती चुकली. मला म्हणायचं होतं, ताई, पोर बरं झालं की ये. तेवढं म्हणायला काय झालं होतं? मी दारात बसून निरोपाची वाट बघत होते. बाळ्याचा ताप त्याच दिवशी उतरला होता."

सूनबाईने मुलीला त्यांच्या मांडीवर दिलं. मुलीने सासूबाईंच्या चष्म्याची काडी धरली आणि सासूबाईंनी ती सोडवायचा प्रयत्नही केला नाही.

"मोठं झालं की बघू, म्हणाले," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "पण बघायला स्वतः राहिले नाहीत. बाळ्या पाचाचा होता ते गेले तेव्हा. पाच म्हणजे मोठं की लहान, गं?"

"त्यांना कोण विचारणार आता?"

"त्यांना नाही. पण त्याला ठाऊक होतं ना. 'हो' म्हणाला होता. तो आहे अजून. नंबर आहे तुझ्याकडे त्याचा?"

नंबर होता. सूनबाईने लावून दिला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मुलीला परत घ्यायला हात पुढे केला, तर सासूबाईंनी मानेनेच नको म्हटलं. तिकडे आधी कुणी शिष्याने उचलला असावा, कारण सासूबाई म्हणाल्या, त्यांनाच द्या, जुनी ओळख आहे. मग वाट बघितली. मग त्यांनी आपलं नाव सांगितलं नाही, नुसतं म्हणाल्या, "मी ताई बोलतेय. दुसऱ्या तानपुऱ्यावरची."

पलीकडून काय आलं, ते सूनबाईला ऐकू आलं नाही.

"मुलगा मोठा झाला," सासूबाई म्हणाल्या. "सदतीस वर्षांचा आहे. त्याची मुलगी आता माझ्या मांडीवर आहे. बुवांनी सांगितलं होतं ना तुला, मोठा झाला की बघू? झाला. कळवायचं राहून गेलं होतं, म्हणून फोन केला."

धाकटे बुवा बोलायला लागले आणि बोलतच राहिले. सासूबाई "हं," "हं" करत होत्या. मागाहून त्यांनी सूनबाईला सांगितलं ते एवढंच, की तो म्हणत होता, दर वर्षी वाटायचं यंदा निरोप पाठवावा. मग बुवा गेले, आणि पाठवायचं कुणाच्या नावाने तेच कळेना. मैफलीची गोष्ट लोक विचारायला लागले, तेव्हा ताईंची चूक सांगावी लागू नये म्हणून ती खूण त्याने घातली. एकदा घातल्यावर मग ती निघेना.

"ती काढ," सासूबाई फोनवर म्हणाल्या. "माझ्या सुनेचा कार्यक्रम आहे, त्यात खोटं नको. मध्यम मी लावला होता. चुकून लावला होता, पण सुरेल लावला होता. तसंच सांग."

पलीकडे हसू आलं असावं, कारण त्याही थोड्या हसल्या. मग त्यांनी काहीतरी ऐकलं आणि कपाळाला आठी घातली.

"रविवारी? नाही, रविवारी जमणार नाही मला. सूनबाईला काम असतं, नात माझ्याकडे असते." थांबून त्यांनी मुलीच्या मुठीतून काडी सोडवली आणि चष्मा नीट केला. "बुधवारी सकाळी येते. तानपुरे मी आल्यावरच उघडायचे, तुझ्या पोरांना हात लावू देऊ नकोस. आणि काय गाणार आहेस, ते मंगळवारी कळव."